सारे म्हणतात म्हणून खरे काय?

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबर रोजी, गावच्या चावडीपुढे एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण.)



आज सकाळी झेंडावंदन झाले, मुलांची प्रभातफेरी निघाली, घोषणा झाल्या. मुक्तिसंग्रामाची कथा आपण दरसाल ऐकता. ती पुन्हा सांगण्यासाठी मी उभा नाही. त्या कथेतून निघणारा एक प्रश्न मात्र आपल्यापुढे ठेवतो. बांधाला बांध लावून शेती कसणारी, एकाच मोंढ्यात माल घालणारी माणसे कोणाच्या तरी प्रचाराने एकमेकांच्या जिवावर कशी उठतात? आणि शंभरातले पाचदहा त्या प्रचाराला भुलत नाहीत, ते कशाच्या बळावर?

आपल्या मुलखाला हा प्रश्न परका नाही. निजामाच्या राज्यात सोळा जिल्हे होते. नांदेड हा त्यांपैकी एक. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. मुसलमानांची वस्ती शंभरात सुमारे तेरा. या राज्यात १९२७ साली इत्तेहादुल मुसलमीन ही संस्था निघाली. पुढे तिने ‘अनलमलिक’ नावाचा मंत्र काढला. त्याचा अर्थ असा की, राज्य एकट्या निजामाचे नसून प्रत्येक मुसलमान त्या राजेपणाचा वाटेकरी आहे. १९४६ साली या संस्थेची सूत्रे कासीम रझवीच्या हाती गेली. हा गृहस्थ कोठे दूर देशीचा नव्हता. तो आपल्या लातुरात वकिली करणारा इसम होता.

आता विचार करा. निजाम हा त्या काळी जगातील अत्यंत धनाढ्य माणसांत गणला जाई. आणि त्याच्याच राज्यातला मुसलमान विणकर, टांगेवाला, हमाल काय खात होता? शेजारचा हिंदू साळी-कोष्टी खाई तीच कोरडी भाकर. त्याच्या पदरी ना जमीन, ना विद्या. अशा माणसाला कोणी येऊन सांगितले की ‘तू राजा आहेस, आणि तुझे राज्य हिरावून घ्यायला हे टपले आहेत,’ तर त्याला ते गोड का वाटू नये? प्रचाराची पहिली युक्ती ही आहे. पोटाला भाकर द्यायची नाही, डोक्याला मुकुट द्यायचा. भाकरीला पैसा पडतो. मुकुट फुकट मिळतो. कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही जातीच्या गरिबाला असा फुकटचा मुकुट कोणी देऊ लागला, की त्याने आधी आपली भाकर चाचपून पाहावी.

रझाकारांनी पुढे काय केले हे आपल्याला ठाऊक आहे. गोरट्यासारख्या गावांवर १९४८ साली जे बेतले, ते आपले वाडवडील सांगत आले आहेत, आणि ते खरे आहे. पण त्याच वेळी त्या प्रचाराला नकार देणारे मुसलमानही होते, हे आपल्या मुलांना किती वेळा सांगितले जाते? हैदराबादेत शोएबुल्ला खान नावाचा तरुण ‘इमरोज’ हे उर्दू पत्र चालवीत असे. हैदराबादने हिंदुस्थानात सामील व्हावे असे तो उघड लिही. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना त्याच्यावर हल्ला झाला, लिहिणारा हात तोडला गेला, आणि तो मेला. ज्यांच्या नावाने प्रचार चालला होता, त्यांच्यातलाच एक जण त्या प्रचारावर पहिला घाव घालून गेला.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू सांगितल्यावाचून मी खाली बसलो, तर शिक्षकाच्या खुर्चीला बाध येईल.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा राज्यात शिरल्या, १७ तारखेस निजामाने लढाई थांबवली, १८ ला त्याच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. रझवी पकडला गेला. जुलूम संपला. आणि मग प्रचाराची पालखी दुसऱ्या खांद्यावर गेली. काल ‘सारे हिंदू राज्याचे वैरी’ असे सांगितले जात होते. आज ‘सारे मुसलमान रझाकार’ असे झाले. ज्याने कधी काठीही हाती धरली नव्हती तोही रझाकार, आणि त्याची म्हातारी आईही रझाकार!

दिल्ली सरकारने चौकशीसाठी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाठवले. त्यांच्या समितीने १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात सोळांपैकी नऊ जिल्हे पाहिले आणि न पाहिलेल्या शंभरावर गावांतल्या पाचशेहून अधिक लोकांचे म्हणणे ऐकले. त्यांचा अंदाज असा की, राज्यभर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली. सर्वांत जास्त हानी झालेले चार जिल्हे त्यांनी नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातुरात वीस दिवसांवर कत्तल चालली. दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्तीपैकी जेमतेम तीन हजार गावात उरले होते. हजारावर मेले, बाकीचे पळाले. हा अहवाल सरकारने त्या वेळी प्रसिद्ध केला नाही. कित्येक दशके तो कपाटात पडून राहिला.

कोणी म्हणेल, ‘गुरुजी, रझाकारांनी केले ते विसरायचे काय?’ मुळीच विसरायचे नाही. ज्याने घर जाळले, त्याचे नाव घेऊन त्याला शिक्षा मागायची. पण ज्याने घर जाळले त्याचे नाव सोडून, त्याच्या नावासारखे नाव असलेल्या माणसाला पकडणे याला न्याय म्हणत नाहीत. एका बैलाने पीक खाल्ले म्हणून गावची सारी गुरे कोणी कोंडवाड्यात घालतो काय?

आणि आता ज्यासाठी मी हे सारे बोललो ती गोष्ट ऐका. त्याच अहवालात एक नोंद आहे. हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना, बायकापोरांसह, स्वतःचा जीव धोक्यात घालून वाचवल्याची उदाहरणे समितीला आढळली. हा आपलेपणा एका धंद्याच्या माणसांत विशेष दिसला. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदूंच्याच हल्ल्यापासून राखले आणि त्यापायी स्वतःचे प्राणही दिले. पळवून नेलेल्या बायका परत मिळवून देण्यातही अनेक हिंदूंनी मदत केली.

बंधूंनो, हे विणकर काही मोठे पंडित नव्हते. मग त्यांना जे कळले ते शिकल्यासवरलेल्यांना का कळले नाही?

मला असे वाटते की, प्रचार चालतो तो ढिगावर. ‘ते असे आहेत, ते तसे आहेत.’ या ‘ते’ शब्दाला तोंड नसते, नाव नसते, घर नसते. पण ज्या विणकराच्या मागाशेजारी दुसऱ्याचा माग खटखटतो, त्याला ‘ते’ माहीत नसतात, त्याला तो एक माणूस माहीत असतो. अडीअडचणीला सूत कोणी उसने दिले, खळ कोणाची चांगली, व्यापाऱ्याने कापडाचा भाव पाडला तेव्हा दोघांच्याही घरी चूल कशी थंड राहिली, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. डोळ्यांनी पाहिलेल्या एका माणसापुढे कानांनी ऐकलेला ढीग टिकत नाही. कष्टाच्या धंद्यातून मिळणारे हे ज्ञान पोथीतल्या ज्ञानाहून हलके नाही.

पण मग बाकीचे हजारो का वाहवले? त्यांचेही शेजारी होतेच की. याचे उत्तर मी माझ्या वर्गात रोज पाहतो. धडा शिकवून ‘समजले का?’ विचारले, की चाळीस मुले एका सुरात ‘हो गुरुजी’ म्हणतात. त्यांतल्या एकाला व्हरांड्यात एकटे बोलावून विचारा, त्याला काही समजलेले नसते. मग तो ‘हो’ का म्हणाला? कारण बाकीचे म्हणाले. आणि बाकीचे का म्हणाले? कारण तो म्हणाला!

अमेरिकेत सॉलोमन ॲश नावाच्या विद्वानाने १९५१ च्या सुमारास हीच गोष्ट मोठ्या माणसांवर पडताळून पाहिली. एक रेघ दाखवायची आणि दुसऱ्या तीन रेघांतून तिच्याएवढी कोणती ते विचारायचे. लहान पोरही चुकणार नाही असा सोपा प्रश्न. पण खोलीतल्या बाकीच्या माणसांना आधीच पढवून ठेवले होते. ते एकामागून एक ठरवून चुकीचे उत्तर देत. बिचारा एकटा न पढवलेला माणूस! शंभरातल्या पंचाहत्तरांनी एकदा तरी डोळ्यांना दिसणारे सोडून इतरांचे चुकीचे उत्तर दिले. त्यांतल्या कित्येकांना खरे दिसत होते, पण चारचौघांत वेगळे पडायची लाज वाटली. मात्र त्या खोलीत एकच माणूस खरे बोलणारा बसवला, की असे चुकणे एकदम घटून चौथाईवर आले. एका माणसाने! तो काही पुढारी नव्हता, त्याने भाषण केले नाही. त्याने फक्त दिसले ते सांगितले.

म्हणून ‘मी एकटा काय करणार?’ असे जो म्हणतो, त्याला माझे सांगणे आहे: तू एकटा खरे बोललास तर तुझ्या शेजारी घाबरून बसलेल्या दुसऱ्याची जीभ सुटेल. तो तुझीच वाट पाहत आहे.

हे सारे जुने झाले असे समजू नका. पूर्वी दवंडी पिटायला माणूस लागे. गावाला निदान तो कोण हे ठाऊक असे. आज दवंडी प्रत्येकाच्या खिशात आहे आणि पिटणारा दिसत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी काय झाले? मुले पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाईलवरून फिरत होती. बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले होते. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेकरिता गावोगाव फिरणारा हा समाज. जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडले आणि पाचही जणांना ठार मारले. ज्यांच्या पूर्वजांना आपल्या आजीने सुपातून धान्य वाढले, त्यांना एका खोट्या निरोपाने ‘ते’ करून टाकले. त्या जमावात एकाने ‘कोणाचे मूल गेले? त्या बापाला पुढे आणा’ एवढे मोठ्याने विचारले असते तर?

तेव्हा आपण काय करावे? मी तीनच गोष्टी सांगतो, आणि त्या सोप्याकडून कठीणाकडे सांगतो.

पहिली गोष्ट, वाहक होऊ नका. आलेला निरोप खरा की खोटा हे कळेपर्यंत पुढे ढकलू नका. एक रात्र जाऊ द्या. रागाने तापलेली बातमी सकाळपर्यंत बहुधा निवते. याला धैर्य लागत नाही, पैसा लागत नाही. सावकाराच्या किंवा मालकाच्या दबावाखाली असलेल्या गरिबालाही हे करता येते.

दुसरी गोष्ट, साक्ष मागा. कोणी पाहिले? त्याचे नाव काय, गाव कोणते, दिवस कोणता? बैल घेताना आपण दात मोजतो, बियाणे घेताना मूठभर हातात चोळून पाहतो. आणि माणसाच्या जिवाची गोष्ट मात्र न पारखता घेतो! सांगणारा ‘सारे म्हणतात’ म्हणाला तर समजावे की साक्षीदार नाही. आणि ‘ते’ म्हणाला तर विचारावे, ‘ते म्हणजे कोण? नाव सांग.’ शिवाय या बातमीने कोणाची खुर्ची बळकट होते, कोणाचा माल खपतो, हेही पाहावे.

तिसरी गोष्ट कठीण आहे. वेळ आली तर उभे राहावे. पण ती वेळ येण्याआधीच एक तरी सोबती जोडून ठेवावा. दुसऱ्या आळीत, दुसऱ्या जातीत, दुसऱ्या धर्मात ज्याच्या घरी आपण जेवतो असा एक माणूस प्रत्येकाला असावा. दंगलीच्या दिवशी ओळख करून घेता येत नाही. त्या विणकरांना ऐन वेळी जे सुचले, ते ऐन वेळी शिकलेले नव्हते. मागावर बसून वर्षानुवर्षे शिकलेले होते.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती आहे. सतरा सप्टेंबरला मुलांना मुक्तीची कथा सांगाल तेव्हा ती अर्धी सांगू नका. रझाकारांचा जुलूम सांगा, त्याशी झुंजलेल्यांची नावे सांगा, शोएबुल्ला खान सांगा, लातूरचे ते वीस दिवसही सांगा, आणि शेजाऱ्याच्या दारात आडवे पडलेले ते विणकर अवश्य सांगा. अर्धी कथा ऐकून वाढलेले मूल पुढच्या प्रचारकाच्या हाती आयते सापडते. आणि वर्गात एखाद्या पोराने ‘नाही गुरुजी, समजले नाही’ असे म्हटले, तर त्याला खाली बसवू नका. त्याची पाठ थोपटा. गावाला उद्या तोच उपयोगी पडणार आहे.