समुद्राच्या तळाचं पाणी येतं कुठून?

गोष्ट १७५१ मधली आहे. हेन्री एलिस हा इंग्रज कप्तान अटलांटिकच्या उष्ण पट्ट्यातून चालला होता. त्याने झडपांची एक बादली सुमारे १६०० मीटर खोल सोडली. वर आलेलं पाणी असं थंडगार होतं, की जहाजावर त्याने स्नानही होऊ लागलं आणि दारूही गार होऊ लागली!

वर रणरणतं ऊन, मग खाली हा गारवा कुठला? उत्तर आहे थेट ध्रुवापाशी. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगत, वेडेल आणि रॉस या समुद्रांत, समुद्राच्या तळाचं असं थंड पाणी तयार होतं.

समुद्राचं पाणी शून्य अंशाला गोठत नाही, उणे १.९ अंशांच्या आसपास गोठतं. गोठताना मीठ बर्फात फारसं राहत नाही, खालच्या पाण्यात उतरतं. खंडावरून घोंघावत येणारे वारे हे नवं बर्फ दूर लोटतात. उघड्या पडलेल्या पाण्यावर पुन्हा बर्फ धरतं, पुन्हा मीठ खाली उतरतं. असं अतिथंड, जास्त खारं आणि म्हणून जड झालेलं पाणी उतारावरून घरंगळत चार हजार मीटरपेक्षाही खोल जातं आणि तळातळाने उत्तरेकडे पसरतं. वाटेत इतर पाणी त्यात मिसळतं. आपल्या अरबी समुद्राच्या खोल तळाशी पाण्याचं तापमान दोन अंशांच्या आसपास असतं, ते या दक्षिणेकडच्या पाहुण्यामुळेच.

हा पाहुणा रिकाम्या हाताने येत नाही. पृष्ठभागावर हवेतून घेतलेला प्राणवायू तो सोबत आणतो. तळाशी ऊन नाही, म्हणून वनस्पती नाहीत. तिथले जीव या आयत्या प्राणवायूवरच जगतात.

काळजीची गोष्ट इथेच आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार वेडेल समुद्रातल्या तळपाण्याचं आकारमान १९९२ पासून सुमारे ३० टक्क्यांनी घटलं आहे. वारे बदलले, किनाऱ्याजवळ बर्फ कमी धरू लागलं, हे त्याचं कारण. शिवाय अंटार्क्टिकाच्या हिमनद्यांचं वितळलेलं पाणी गोडं, म्हणजे हलकं. ते समुद्रात मिसळलं की खारटपणा उतरतो आणि पाणी बुडेनासं होतं.

तळाला गेलेलं पाणी पुन्हा वर यायला शतकं लागतात. तिथे बिघडलेलं सुधारायलाही तेवढाच काळ लागेल. किनाऱ्यावरून ते दिसणार नाही, म्हणून तर त्यावर नजर ठेवायला हवी.