माशाची कातडी आणि महागडा डबा

नाशिकची थंडी पडली की आमच्या घरात टाचांच्या भेगांचा विषय निघतो. मागच्या हिवाळ्यात धाकटी म्हणाली, "अब्बा, अम्मीसाठी कोलॅजन पेप्टाइडची पावडर घेऊ या. कातडी मऊ होते म्हणे." किंमत ऐकून मी गप्प. बेगमनं मात्र भलतंच विचारलं, "नक्की माशाचीच आहे ना?"

प्रश्न रास्त होता. कोलॅजन गुरांच्या, डुकरांच्या कातडीतूनही काढतात. आमच्या घरात माशाचं असेल तरच डबा उघडणार.

मी कविता लिहिणारा माणूस, पण बारीक अक्षर वाचायची खोड आहे. माशाचं कालवण रात्री पातळ असतं आणि थंडीत सकाळी थिजतं, ते कातडी-हाडांतल्या कोलॅजनमुळे. शिजल्यावर त्याचं जिलेटिन होतं. कारखान्यात विकरं वापरून त्याचे आणखी बारीक तुकडे करतात, तेच पेप्टाइड. बाजारात जी खवलं आणि कातडी कचऱ्यात जाते, तिच्यापासून हे बनतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं यावर बरंच काम केलं आहे. मासळी विकणाऱ्यांना त्या कचऱ्याचे चार पैसे मिळाले, तर मला आनंदच आहे.

पण पोटात गेलेलं कोलॅजन थेट टाचेवर जाऊन बसत नाही. त्यातलं बहुतेक पचून जातं. काही छोटे तुकडे रक्तात पोचतात, हे जपानी संशोधकांनी 2005 मध्ये दाखवलं. पुढे त्वचेचा ओलावा वाढल्याचे, ती लवचीक झाल्याचे निष्कर्षही आले. मात्र 2025 मध्ये 23 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा कंपन्यांच्या पैशावर न झालेल्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. पैसा कुणाचा, हे विचारायला बी. ए. पुरतं!

शरीर स्वतःचं कोलॅजन घडवतं, त्याला क जीवनसत्त्व लागतं. पेरू, आवळा आपल्याकडे हिवाळ्यातच येतात. भेगांना रात्री व्हॅसलीन आणि वर मोजे. मधुमेह असेल तर मात्र भेग डॉक्टरांना दाखवा, आणि मासे सोसत नसतील त्यांनी ही पावडर घेऊच नये.

आमच्याकडे डबा आला नाही. रोहू आला, कातडीसकट. धाकटी ती कातडी हळूच सोलते आणि माझ्या ताटात सरकवते.