बिनक्लचची गाडी
(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

मी जुन्या मोटारीवर बोलणार आहे हे कळल्यावर आमच्या कवीमित्रांत हशा पिकला. त्यांचे काही चुकत नाही. वयाच्या चौपन्नाव्या वर्षापर्यंत माझ्या नावावर एक सायकल, एक स्कूटर आणि दोन कवितासंग्रह एवढीच मालमत्ता होती. त्यातली स्कूटर एका पावसाळ्यात घसरली आणि माझ्या डाव्या पायात लोखंडी सळई बसली. आजचे भाषण त्या पायावरूनच सुरू होते.

आमच्या अम्मीचे डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून दोनदा तासगावहून मिरजेला जायचे. जाताना ती बोलत असते, येताना मात्र अंगात त्राण नसते. कधी रक्तदाब उतरतो, कधी थंडी भरते. अशा माणसाला एसटीत चढवता येत नाही. म्हणून भाड्याची गाडी सांगत होतो. एके रात्री तो ड्रायव्हर आलाच नाही. दवाखान्याच्या पोर्चमध्ये आम्ही दोन तास बसलो. अम्मीच्या अंगावर माझी शाल आणि माझ्या कानाला फोन. त्या रात्री ठरवले, स्वतःची गाडी घ्यायची.

मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातले. चौथ्या दिवशी, चढावर क्लच दाबून धरताना पाय थरथरायला लागला. शिकवणारा पोरगा समंजस होता. म्हणाला, ‘‘काका, तुम्ही ऑटोमॅटिक घ्या. डाव्या पायाला कामच नाही.’’ नवी ऑटोमॅटिक माझ्या खिशात बसणारी नव्हती. चार-साडेचार लाख जमत होते, म्हणजे जुनीच. आणि डिकीवाली हवी, कारण अम्मीची घडीची व्हीलचेअर बरोबर न्यावी लागते. गॅसवरची गाडी म्हणूनच बाद केली, सिलिंडर अर्धी डिकी खातो. उंच गाडीत म्हाताऱ्या माणसांना बसणे सोपे, असे सगळे सांगतात. अम्मी ठेंगणी आहे. ती आधी सीटवर टेकते आणि मग पाय आत घेते. डिकीवाल्या गाडीत तिला ते जमते.

आता ऑटोमॅटिक म्हणजे एकच चीज नव्हे, हे मला आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींकडून कळले. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. त्यांनी चहाच्या टेबलावर बशा मांडून मला गिअरबॉक्सच्या जाती समजावल्या. पहिली जुन्या घराण्याची, टॉर्क कन्व्हर्टर. यात इंजिनाची ताकद तेलातून चाकाकडे जाते. पेट्रोल जास्त पिते, पण अंगाने दणकट. दुसरी सीव्हीटी. हिच्यात दात असलेले गिअर नसतात, दोन पुल्यांवर पट्टा फिरतो. चालायला लोण्यासारखी, पण तेल वेळेवर बदलले नसेल तर पुढे मोठा खर्च. तिसरी एएमटी. ही मुळात साधी क्लचची गाडी, फक्त क्लच आणि गिअर आपल्याऐवजी यंत्र टाकते. आपल्याकडे 2014 साली सेलेरिओपासून ही स्वस्तात आली आणि पुढे डिझायरसारख्या डिकीवाल्या गाडीतही बसली. हिची क्लचप्लेट झिजते, तेवढी पाहून घ्यायची. चौथी दोन क्लचची, फार चपळ. तिच्यापुढे उस्तादांनी बशी उपडीच घातली. म्हणाले, ‘‘कंपनीची वॉरंटी शिल्लक असेल तर घ्या. नाहीतर एका बिलात तुमचे दोन्ही कवितासंग्रह विकावे लागतील.’’ (उस्तादांना कवितासंग्रहांच्या विक्रीची काही कल्पना नाही.)

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. ती पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. ऑटोमॅटिक गाडी बॅटरी उतरल्यावर धक्का मारून सुरू होत नाही. आपल्या गावात चार पोरे हाक मारली की धावून येतात, त्यांचा इथे उपयोग नाही. बंद पडली तर दोर बांधून ओढायचीही नाही, पुढची चाके उचलून किंवा ट्रकवर चढवूनच न्यायची. म्हणून बॅटरी कोणत्या साली बसवली, हे आधी विचारायचे.

एवढे ऐकूनही मी फसलोच. एका शहरात जुन्या गाड्यांच्या एजंटाकडे एक पांढरी गाडी पाहिली. आरशासारखी. आत नव्या सीट कव्हरांचा आणि अत्तराचा वास. मला वाटले, अम्मी हिच्यात राणीसारखी बसेल. उस्तादांना न विचारताच मी दहा हजारांचा इसार देऊन मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी उस्तादांना घेऊन गेलो. त्यांनी बॉनेट उघडले नाही. मागच्या सीटचा पट्टा धरला आणि ओढत ओढत शेवटपर्यंत बाहेर काढला. पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर मातकट रेघ होती. मग सीटखालचा गालिचा उचलला. अत्तराखालून कुबट वास आला. सीटच्या लोखंडी रुळात वाळलेला गाळ.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. पाणी ओसरल्यावर मी एका मित्राचे घर धुवायला गेलो होतो. त्याच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीवर अशीच रेघ होती. घर धुतले, रंग दिला, तरी त्याच्या आईची नजर तिथेच जायची. ती रेघ मी पट्ट्यावर ओळखली. ही गाडी कुठल्या पुरातली होती, देव जाणे. उस्ताद एवढेच म्हणाले, ‘‘पाणी गिअरबॉक्सच्या तेलात गेले, वायरिंगमध्ये गेले, की आज चालेल, उद्याही चालेल, आणि परवा रात्री अकराला भर रस्त्यात बंद पडेल.’’ मला तो पोर्च आठवला. इसाराचे दहा हजार एजंटाने परत दिले नाहीत.

त्यानंतर मी गाडी बघायला सकाळी सातला जाऊ लागलो. मालकाने आधीच सुरू करून गरम केलेली गाडी बघायची नाही, बॉनेटवर हात ठेवून खात्री करायची. ब्रेक दाबून दांडा ‘पी’वरून ‘आर’वर, मग ‘डी’वर. गाडीने हलकेच हुंकार द्यावा. दणका बसला किंवा दोन-तीन श्वास थांबावे लागले, तर तिथूनच सलाम करायचा. मग चढावर थांबवून पुन्हा उचलायची, उलटीही चढवायची. इंजिन ओरडते पण गाडी सरकत नाही असे झाले, तरी सलाम. तेलाची काडी असेल तर तेल बघायचे. बऱ्याच गाड्यांत ते ताजे असताना लालसर असते, काळे आणि जळका वास असेल तर गिअरबॉक्स भाजला आहे. किलोमीटरच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. ब्रेकच्या पेडलचे रबर आणि सर्व्हिसची बिले जास्त खरे बोलतात. टायरवर चार आकडे असतात, 2315 असेल तर 2015 सालचा तेविसावा आठवडा. पण सगळ्यांत महत्त्वाचे बिल गिअरबॉक्सचे तेल बदलल्याचे. ते ज्याने जपून ठेवले, त्याने गाडीही जपली असणार.

कागदांचे थोडक्यात सांगतो. आर.सी. बुकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि पस्तीस नंबरचा फॉर्म. नाव बदलायला एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म. चलने थकली आहेत का ते ऑनलाइन दिसते. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. जुन्या मालकाची नो-क्लेमची सवलत त्याच्याबरोबर जाते, ती आपल्याला मिळत नाही. आणि विकणाऱ्यांनीही ऐकावे : 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच धरला जाईल. गाडी हातोहात फिरली तरीही.

शेवटी एका निवृत्त शिक्षिकेची सियाझ मिळाली. पेट्रोल, चार गिअरांची जुन्या घराण्याची ऑटोमॅटिक. 2025 मध्ये ही गाडी बनवणे बंद झाले, तेव्हा मी धास्तावलो होतो. उस्ताद म्हणाले, हिचे इंजिन पहिल्या अर्टिगातही होते, भागांची चिंता नको. रंग तपकिरी, मला न आवडणारा. उजव्या दारावर ओरखडा. बाईंनी पहिल्या दिवसापासूनची बिले बिस्किटांच्या डब्यात ठेवली होती. मी घासाघीस केली, पण मनापासून नाही.

पहिला महिना डाव्या पायाने फार छळले. जुन्या सवयीने तो क्लच शोधायचा आणि ब्रेक दाबून बसायचा, गाडी जागच्या जागी उभी. आता त्याला मागे ओढून बसवायला शिकलो आहे.

पहिल्या मिरजेच्या फेरीला अम्मी हट्टाने पुढे बसली. बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होती. मग म्हणाली, ‘‘और ये बायाँ पाँव क्या करता रे?’’

‘‘कुछ नहीं अम्मी, बैठा रहता.’’

‘‘तो उसकू बोल, मेरी थैली पकड के बैठ.’’