वहीनं सांगितलं, मी ऐकलं नाही

(निवृत्त झालेल्या आणि निवृत्तीला आलेल्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



मला बोलावताना सांगितलं होतं की बाईनं म्हातारपणासाठी साठवलेले पैसे कसे सांभाळायचे, यावर बोला. मी काही त्यातली तज्ज्ञ नाही. ठाण्याच्या एका औषध कंपनीत छत्तीस वर्षं कारकुनी केली आणि जून २००७ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे मिळून ७ लाख रुपये हातात आले. पेन्शन दरमहा हजाराच्या आसपास. कर्मचारी पेन्शन योजनेतलं किमान पेन्शन हजार रुपये झालं तेच मुळी सप्टेंबर २०१४ मध्ये, त्यामुळे माझं तरी बरं होतं म्हणायचं.

इथं बसलेल्या बऱ्याच जणींकडे फंड नावाची गोष्टच नाही, हे मला माहीत आहे. घरकाम करणाऱ्या, शेतावर राबणाऱ्या, खानावळी चालवणाऱ्या बायकांच्या म्हातारपणाचं काय, हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. तो सोडवल्याचा आव मी आणत नाही. पण ज्यांच्या हातात असे पैसे येतात त्यांचं पुढं काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

पैसे आले त्या आठवड्यात घरातला प्रत्येक जण माझ्याशी फार प्रेमानं बोलू लागला. मुलाला फ्लॅटच्या बुकिंगला पैसे कमी पडत होते. नवऱ्याचं म्हणणं, "आपण दोघं एकच, माझ्या खात्यात ठेव." आणि आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांना शेअरबाजारातलं सगळं कळतं असा घरात समज होता. ते म्हणाले, "वहिनी, सगळे मला द्या, दोन वर्षांत दुप्पट करून देतो." छत्तीस वर्षं सकाळी ७:४०ची गाडी मी पकडली होती, पण त्या पैशांचं काय करायचं हे मला कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी सांगितलं.

मी ४ लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले. तेव्हा ९ टक्के व्याज होतं, दर तिमाहीला ९ हजार यायचे. उरलेले ३ लाख एका इंडेक्स फंडात ठेवले. सेन्सेक्समधल्या कंपन्यांत जसे पैसे विभागलेले असतात तसेच हा फंड ठेवतो, कुठला शेअर चांगला ते शोधत बसत नाही. महागाई व्याज खाऊन टाकते, मी ऐंशी वर्षं जगले तर पुरायला हवेत, एवढा हिशेब मला येत होता.

आता ती पद्धत. आमच्या हिशेबखात्यात माझ्या आधी निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, लग्न न केलेल्या. त्यांनी मला एका दुपारी चौकटीची वही उघडून दाखवली. महिन्याच्या शेवटच्या दिवशी बाजार बंद होताना सेन्सेक्स किती होता, तो आकडा लिहायचा. असे मागचे दहा आकडे घ्यायचे, बेरीज करायची, दहाने भागायचं. आजचा आकडा त्या सरासरीच्या वर असेल तर पैसे फंडात. खाली असेल तर काढून बँकेत. महिन्यातून एकदा, दहा मिनिटं. मधल्या एकोणतीस दिवसांत काय वाटेल ते होवो, वही उघडायची नाही. पुढं कळलं की अमेरिकेत मेब फेबर नावाच्या गृहस्थांनी २००७ मध्ये नेमक्या याच दहा महिन्यांच्या नियमावर निबंध लिहून तो बराच गाजला. आमच्या बाईंना त्याचा पत्ता नव्हता. त्या म्हणाल्या, "मोठी पडझड एका दिवसात संपत नाही ग, महिनोन् महिने चालते. आपण पहिले नाही बाहेर पडणार. पण शेवटचेही नाही."

मला ही पद्धत आवडली, खरं सांगायचं तर पैशांपेक्षा दुसऱ्याच कारणानं. भाऊजी विचारायचे, "वहिनी, तुम्हाला काय कळतं?" तर मला काही कळायची गरजच नव्हती. भागाकार येत होता.

जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर गेला आणि कोसळायला लागला. जानेवारीअखेर वही म्हणाली, राहा. फेब्रुवारीअखेर म्हणाली, राहा. माझा जीव वरखाली. ३१ मार्चला सेन्सेक्स १५,६४४ आणि माझी सरासरी १७,३१७. बाहेर. दुसऱ्या दिवशी जाऊन मी फॉर्म भरला. ३ लाखांचे सुमारे ३ लाख २० हजार मिळाले. भाऊजी जेवायला आले होते, हसून म्हणाले, "बायका घाबरून विकतात आणि आम्ही स्वस्तात घेतो." ९ मार्च २००९ ला सेन्सेक्स ८,१६० वर बंद झाला. माझे पैसे तिथंच असते तर १ लाख ६७ हजार उरले असते. भाऊजींनी किती गमावले ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. जाऊबाईंच्या बांगड्या मात्र त्या वर्षी दिसेनाशा झाल्या. त्या बांगड्या तिच्या माहेरच्या होत्या.

इथंपर्यंत गोष्ट माझ्या शहाणपणाची वाटेल, म्हणून पुढचं सांगणं भाग आहे.

एप्रिल २००९. ३० तारखेला आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं, बाजार बंद, म्हणून २९ तारीख महिन्याची शेवटची. मतदान करून आले, बोटावरची शाई ओली होती, आणि वही घेऊन बसले. सेन्सेक्स ११,४०३. सरासरी १०,९७४. वही स्पष्ट सांगत होती, आत जा. मी दोनदा बेरीज केली. चूक नव्हती.

आणि मी गेले नाही.

घरात, शेजारी, टीव्हीवर सगळीकडे एकच, लोकसभा त्रिशंकू येणार, बाजार पुन्हा कोसळणार. भाऊजी या वेळी हसत नव्हते, काळजीनं म्हणाले, "वहिनी, निकाल तरी लागू दे. तुमचं वय काय, हे पैसे गेले तर परत येणार आहेत का?" नवरा म्हणाला, "तो बरोबर सांगतोय." मलाही ते पटलं. वर्षभर मी पैसे वाचवणारी शहाणी बाई म्हणून मिरवले होते, ती प्रतिष्ठा घालवायची नव्हती. हे कुणावर ढकलता येणार नाही. बाहेर पडताना घरच्यांच्या विरोधात जायचं बळ मला भीतीनं दिलं होतं. आत जाताना भीती आणि घरचे एकाच बाजूला होते.

१६ मेला मतमोजणी झाली. १८ मेला बाजार उघडला आणि वरच्या मर्यादेला लागून थांबला, पुन्हा उघडला, पुन्हा थांबला. त्या दिवशी प्रत्यक्ष व्यवहार जेमतेम मिनिटभराचे झाले आणि सेन्सेक्स २,११० अंकांनी वर, १४,२८४ वर. एका दिवसात १७ टक्के. मी जूनच्या सुरुवातीला, १४,६२५ च्या आसपास आत गेले. वहीचं ऐकलं असतं तर त्याच ३ लाख २० हजारांचे ४ लाख १० हजार झालेले असते. ९० हजार. माझं दहा वर्षांचं पोस्टातलं रिकरिंग एवढं नव्हतं.

माझी सही घेऊन पैसे कुणी पळवले असते तर मी तुमच्यापुढं येऊन भांडले असते. हे ९० हजार मी स्वतःच्या हातानं घालवले, म्हणून कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी ठरवलं की वही सांगेल तेच करायचं. तर २०११ साली वहीनं माझी परीक्षा घेतली. जानेवारीअखेर १८,३२८ ला बाहेर काढलं. मार्चअखेर १९,४४५ ला आत बोलावलं. मेअखेर १८,५०३ ला पुन्हा बाहेर. स्वस्तात विकलं, महागात घेतलं, पुन्हा स्वस्तात विकलं. चार महिन्यांत लाखामागं जवळजवळ पाच हजारांचा फटका, आणि दर वेळी फॉर्म, रांग, फंडाचं निर्गमन शुल्क. बाजार एका जागी वरखाली होत राहिला की ही पद्धत अशीच रक्त काढते. तिचं आंधळं कौतुक करणारे हे सांगत नाहीत. २०१९ मध्ये परत तेच. ऑगस्टअखेर ३७,३३३ ला बाहेर पडले, २० सप्टेंबरला सरकारनं कंपन्यांचा कर कमी केला, सेन्सेक्स एका दिवसात १,९२१ अंक वर, आणि महिनाअखेर ३८,६६७ ला आत आले.

मग कोविड. फेब्रुवारी २०२० च्या शेवटी सेन्सेक्स ३८,२९७, सरासरी त्याच्या वर, मी बाहेर. २३ मार्चला तो २५,९८१ पर्यंत गडगडला. माझ्या मैत्रिणी फोनवर रडत होत्या आणि मी सुखानं झोपत होते. जुलैअखेर ३७,६०७ ला वहीनं आत बोलावलं. आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. एवढा मोठा भूकंप टाळून मी जिथून निघाले जवळजवळ तिथंच परत आले. जी काहीच न करता गप्प बसली तिची आणि माझी स्थिती ३१ जुलैला सारखीच होती. माझी फक्त झोप वाचली. माझ्या वयाला ती लहान गोष्ट नव्हे, पण तो नफा नव्हता.

त्या जुलैत दुसरंच काही कळलं. पैसे फंडात टाकायला गेले तर ओटीपी मुलाच्या मोबाइलवर. कधीतरी केवायसी करताना त्यानं सोयीसाठी आपला नंबर दिला होता. मी म्हणाले, "अरे, नंबर सांग." तो म्हणाला, "आई, आत्ता या दिवसांत शेअर? वेड लागलंय का?" दोन दिवस त्यानं नंबर दिला नाही. प्रेमापोटीच, यात शंका नाही. तेरा वर्षं मी माझी वही, माझा भागाकार म्हणत होते आणि किल्ली त्याच्या खिशात होती. तिसऱ्या दिवशी दिला. मग लॉकडाऊन सैल झाल्यावर मी मास्क लावून गेले आणि नंबर बदलून आले.

बायका घाबरट म्हणून त्यांनी या भानगडीत पडू नये, असं सांगणाऱ्यांसाठी एक अभ्यास. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन या अमेरिकन अभ्यासकांनी १९९१ ते १९९७ या काळातल्या पस्तीस हजारांहून अधिक घरांची दलालाकडची खाती तपासली आणि निष्कर्ष २००१ साली छापले. पुरुषांची घेणीविकणी बायकांपेक्षा ४५ टक्के जास्त होती. या घेण्याविकण्यापायी पुरुषांचा परतावा वर्षाला २.६५ टक्क्यांनी कमी झाला, बायकांचा १.७२ टक्क्यांनी. टाळ्या वाजवू नका. बायकांचंही नुकसानच झालं आहे, फक्त कमी. आणि वही सांगेल तसं आतबाहेर करणारी मीही त्याच हिशेबात येते.

४ जून २०२४ ला, पुन्हा निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी, सेन्सेक्स ४,३९० अंकांनी पडला. भाऊजींचा फोन आला, आता तेही थकलेत. मी म्हणाले, "आज चार तारीख आहे. मी तीस तारखेला बघेन." महिनाअखेर तो ७९ हजारांवर होता. २००९ ची मी आणि ही मी, एवढा फरक पडायला पंधरा वर्षं लागली.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मी वही बंद केली. पंचाहत्तरी झाली होती. ऑक्टोबरच्या अखेरीला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी, आकडा कोण लिहिणार? वहीला दर महिन्याला एक धडधाकट माणूस लागतो, हे आमच्या बाईंनी सांगितलं नव्हतं. शिवाय २३ जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के कर आणि वर्षानंतर, वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर, साडेबारा टक्के. दर आतबाहेरीला तो जाच. मी अर्धे ३१ मार्चच्या आधी काढले आणि अर्धे नंतर, म्हणजे सव्वा लाखाची सूट दोनदा मिळाली. पोस्टाच्या योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ पासून ३० लाख झाली आहे, माझं सगळं त्यात सहज मावलं.

काल या शिबिरासाठी जाऊबाईंना बरोबर चल म्हटलं होतं. ती आली आहे, मागं बसली आहे. तिला आठ महिन्यांपूर्वी माहेरच्या जमिनीच्या वाट्याचे पैसे मिळाले आणि ते अजून चालू खात्यात पडून आहेत, कारण घरात ठरत नाही. तिनं माझी जुनी वही मागितली. मी दिली, पण २००९ च्या पानावर खूण घालून दिली. चहानंतर मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसणार आहे. ज्यांनी पासबुकं आणली असतील त्यांनी या, आणि आपल्या खात्याला कुणाचा मोबाइल जोडलेला आहे, ते आधी बघून या.