अर्जावरचे दुसरे नाव

(ग्रामीण कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



सातबारावर बाईचे नाव लागावे म्हणून आपण तलाठ्याकडे खेटे घालतो. ब्राझीलमधल्या बायकांनी हाच प्रश्न कसा धसास लावला, ते आज सांगते.

तिथे शेतीची दोन मंत्रालये आहेत. एक बड्या, निर्यातीच्या शेतीचे. दुसरे भूमिहीनांना जमीन देणारे आणि कुटुंबशेती पाहणारे. ते १९९९-२००० च्या सुमारास उभे राहिले. सरकारने वाटलेली जमीन पुरुषाच्या, स्त्रीच्या किंवा दोघांच्या नावे होईल, असे १९८८ च्या राज्यघटनेतच लिहिलेले होते. तरी १९९६ च्या गणनेत अशी जमीन मिळालेल्यांत बायका किती? जेमतेम १२.६ टक्के! कारण अर्ज कुटुंबप्रमुखाचा, आणि प्रमुख म्हणजे पुरुष हे गृहीतच. शेतात राबणारी बाई कागदावर मात्र 'अवलंबित'. संसार मोडला की तिची जमीनही गेली.

मार्गारिदा मारिया आल्व्हिस ही शेतमजूर संघटनेची अध्यक्ष. ऊसमजुरांच्या हक्कांसाठी लढली म्हणून १२ ऑगस्ट १९८३ रोजी तिला घराच्या दारात गोळी घालून मारले. तिच्या नावाने २००० साली हजारो ग्रामीण बायका राजधानीवर चालून गेल्या आणि पुढेही जात राहिल्या. या रेट्यामुळे २००३ मध्ये नियम झाला: जोडप्याला जमीन द्यायची तर दोघांच्या नावे, लग्न नोंदलेले असो वा नसो. पण ज्यांच्याकडे ओळखपत्रच नाही, त्यांनी अर्ज कसा करायचा? म्हणून २००४ पासून खेडोपाडी शिबिरे भरवून बायकांना मोफत कागदपत्रे दिली गेली. २००७ मध्ये एकटीने घर चालवणाऱ्या बायकांना प्राधान्य मिळाले.

मग २०१६ मध्ये सरकार बदलले आणि मंत्रालयच बरखास्त झाले. २०२३ मध्ये ते पुन्हा स्थापन झाले. म्हणजे जे मिळाले ते कायमचे, असे समजून घरी बसता येत नाही.

आपल्याकडेही १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. ते स्वागतार्हच होते. पण नवऱ्याच्या मनावर अवलंबून असलेली गोष्ट हक्क कशी होणार? हक्क नियमात हवा आणि तो अर्जात दिसायला हवा.

तेव्हा गावी गेल्यावर एवढे करा. शेतीच्या प्रत्येक योजनेचा कोरा अर्ज मिळवा. बाईचे नाव कोणत्या रकान्यात येते, ते गटात बसून वाचा. आपली पुढची मागणी त्या रकान्यातूनच ठरेल.