बगदादहून आलेले बिऱ्हाड
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



पुण्याचे ससून रुग्णालय आपणा सर्वांना माहीत आहे. परंतु ज्यांच्या देणगीतून ते उभे राहिले ते डेव्हिड ससून बगदादचे निर्वासित होते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. तेथील सुभेदार दाऊद पाशाच्या जाचामुळे त्यांनी घर सोडले व १८३२ साली ते मुंबईत आले.

मागे राहिलेल्यांचे काय झाले? अडीच हजार वर्षे इराकात नांदलेल्या ज्यू समाजावर जून १९४१ मध्ये बगदादेत हल्ले झाले. शंभराहून अधिक माणसे मारली गेली. १९४८ च्या युद्धानंतर नोकऱ्या गेल्या, धरपकड झाली. मार्च १९५० च्या कायद्याने नागरिकत्व सोडणाऱ्यास देश सोडण्याची मुभा दिली. लोकांनी भराभर नावे नोंदवली; आणि मार्च १९५१ मध्ये त्याच लोकांची मालमत्ता सरकारने गोठवली. आम्ही बँकेत काम करणारी माणसे. आयुष्यभराची पुंजी खात्यात असून हाती येत नाही, याचा अर्थ आम्ही जाणतो. सुमारे सव्वा लाख माणसे रिकाम्या हातांनी निघाली. येमेन, लिबिया, इजिप्त येथेही हेच घडले. त्याच १९४८ साली सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरबही बेघर झाले. एकाचे दुःख सांगताना दुसऱ्याचे झाकू नये.

आपल्या कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे शनवारतेली, मराठी बोलणारे. त्यांना येथून कोणी हाकलले नाही. ते आपणहून इस्रायलला गेले. पण तेथील धर्मपीठाने लग्नाच्या वेळी त्यांच्या पूर्वजांची चौकशी सुरू केली. त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, आणि १९६४ साली त्यांची समानता मान्य झाली.

कुळ विचारून दार अडवणे आम्हा नाशिककरांना नवे नाही. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पाच वर्षांनीही दार उघडले नाही, तेव्हा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. ते जाणे स्वाभिमानाचे होते. ती निवड बगदादच्या माणसाला मिळाली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आजही आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारली जाते. उद्या तुमचे स्वतःचे घर होईल. तेव्हा दाराशी आलेल्याला त्याचे कुळ विचारू नका, आधी पाणी विचारा. करुणा तिथून सुरू होते.

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!