बटाट्याचा प्रयोग कोठे चुकतो?

परासरणाचा प्रयोग फसला की दोष बटाट्याला दिला जातो. वास्तविक सालीतून पाणी सहजासहजी शिरत नाही. म्हणून बुडणारा भाग पुरता सोललेला असावा. याहून फसवी गोष्ट म्हणजे तळाची बारीक चीर. तिच्यातून पाणी सरळ आत येते, टाचणीच्या खुणेवर पातळी चढते आणि वर्ग उगाच हर्षित होतो! यासाठी साखरेचे दाट पाणी ओतण्यापूर्वी तीच कोरलेली वाटी थोडा वेळ रिकामी पाण्यात ठेवून पाहावी. खळगा कोरडा राहिला तरच पुढे जावे. शेजारी उकडलेल्या बटाट्याची वाटी साखरपाण्यासह ठेवावी. तिच्यातील पेशी मृत असल्याने पातळी तशी चढत नाही. एवढे करूनही कच्च्या वाटीत पाणी चढले नाही, तर मुलांनी वहीत तसेच लिहावे. पुस्तकातील उत्तर फळ्यावर लिहून देऊ नये. दुसऱ्या दिवशी नवा बटाटा घ्यावा.